पुढाऱ्याचा हिशेब

(बी. ए. अंतिम वर्ष)

'पुढारी' हा शब्द मुळात किती साधा आहे! जो पुढे चालतो तो पुढारी. अंधाऱ्या रात्री बैलगाडीच्या पुढे कंदील धरून चालणारा माणूससुद्धा त्या अर्थाने पुढारीच. वाट चिखलाची असली म्हणजे पहिला पाय त्याचा रुततो, काटा असला तर तो आधी त्यालाच बोचतो. आणि मागून येणारे त्याच्या पावलाच्या खुणा पाहून निर्धास्त चालतात. कंदील धरला म्हणून गाडी त्याची होत नाही, गाडीतला माल तर मुळीच त्याचा होत नाही. मुक्कामाला पोचल्यावर कंदील विझवून तो कोपऱ्यात ठेवायचा, एवढेच त्याचे काम.

आज मात्र या शब्दाला निराळाच अर्थ येऊन चिकटला आहे. दर्यापुरात बनोशापासून बसस्थानकापर्यंत कोणत्याही सणावाराला एक फेरफटका मारा. खांबाखांबावर फलक दिसतील. वर एक मोठा चेहरा आणि खाली टपाल-तिकिटाएवढे पंचवीस-तीस चेहरे! त्या लहान चेहऱ्यांत आपल्या वर्गातले दोन-चार मित्रही असतात. 'भावी' हे विशेषण तर आता पदवीसारखे लावले जाते. मित्रहो, मला विनोद करावयाचा नाही. कपाशीला भाव मिळत नाही, खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, पदवी घेऊन नोकरी मिळेल याची शाश्वती नाही, अशा अवस्थेतल्या तरुणाला कोणीतरी म्हणते, "चल आमच्यासंगं." तो जातो. मोटारसायकलला पेट्रोल मिळते, दुपारचे जेवण मिळते, आणि काही दिवस आपण 'कोणीतरी' आहोत असे वाटते. पण त्या दिवसांत त्याच्या मनावर नेतृत्वाचा जो धडा गिरवला जातो, तो पुढे जन्मभर पुसला जात नाही. हा धडा कोणता असावा, हा आजचा माझा विषय आहे.

या विषयासाठी मी बायबलकडे वळतो, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. माझ्या घरीही वाटले. आमचे घर माळकऱ्याचे. आषाढीच्या सुमारास घरात पंढरपूरशिवाय दुसरी गोष्ट नसते. हातातले जाड पुस्तक पाहून आमच्या मोठ्या काकांनी विचारले, "काय वाचून राह्यला रे? ख्रिस्ती होतं काय आता?" मी म्हटले, "नाही काका, रेव्हरंड टिळकांच्या कविता अभ्यासाले आहेत. त्या समजाच्या म्हणून हे वाचतो." काका हसून म्हणाले, "मंग वाच. चांगलं असंन ते आम्हालेबी सांग." काकांचे हे शेवटचे वाक्य मला फार आवडले. चांगले असेल ते सर्वांना सांगावे. ते कोणाच्या देव्हाऱ्यातून आले याची चौकशी मागाहून करता येते. शिवाय हा ग्रंथ आपल्या मुलखाला परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अलायन्स मिशनची मंडळी अकोला-अमरावतीकडे काम करीत होती. त्या मंडळ्यांतली मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आज आपल्या शेजारी नांदत आहेत. त्यांच्या घरात रोज वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात पुढारीपणाविषयी काय सांगितले आहे, हे शेजाऱ्याला ठाऊक असू नये काय?

हा ग्रंथ वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, आपल्या थोर पुरुषांचे दोष झाकण्याची हौस त्याला मुळीच नाही. मोशे रागावतो आणि त्या रागापायी वचनदत्त देशात पाऊल टाकायला मुकतो. एली या वृद्ध याजकाची मुले देवापुढच्या अर्पणावर ताव मारतात आणि बापाला ती आवरत नाहीत. दावीद राजा तर दुसऱ्याची बायको घेतो आणि नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवतो. हे सारे त्यांच्याच लोकांनी, त्यांच्याच पवित्र ग्रंथात लिहून ठेवले आहे. आपल्याकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे विशेषांक निघतात. त्यांच्याशी हे ताडून पाहावे. ज्या समाजाला आपल्या नेत्याचा दोष लिहून ठेवता येतो, तो समाज नेत्याचा गुलाम होत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती 'शास्ते' नावाच्या पुस्तकात आहे. गिदोन नावाचा एक शूर पुरुष होऊन गेला. लोकांनी राज्य देऊ केले असता त्याने ते नाकारले होते. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा एक मुलगा अबीमलेख याला राज्याची हाव सुटली. त्याने मामाकडच्या मंडळींना हाताशी धरले, देवळाच्या खजिन्यातून सत्तर रुपये उचलले आणि त्या पैशाने गावातली रिकामटेकडी, उडाणटप्पू पोरे भाड्याने घेतली. त्यांच्या बळावर त्याने आपल्या सत्तर भावांची कत्तल केली. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. अबीमलेखाचा राज्याभिषेक चालू असता हा योथाम डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला आणि त्याने खालच्या लोकांना ओरडून एक कथा ऐकवली.

कथा झाडांची आहे. झाडांना एकदा राजा हवा होता. ती जैतुनाच्या झाडाकडे गेली. ते म्हणाले, माझे तेल देवाला आणि माणसाला प्रिय आहे, ते सोडून मी तुमच्यावर डोलायला कशाला येऊ? मग ती अंजिराकडे गेली. त्याने आपल्या गोडव्याची सबब सांगितली. द्राक्षवेलीने आपल्या रसाची सांगितली. शेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. ते मात्र लगेच तयार झाले! म्हणाले, या, माझ्या सावलीत बसा. नाहीतर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनचे देवदार जाळून टाकील.

काटेरी झुडपाची सावली! आपल्या नाल्याकाठी माजलेली वेडी बाभूळ ज्याने पाहिली आहे, त्याला या उपरोधाचा अर्थ सांगायला नको. तिच्याखाली गवत उगवत नाही, माणूस बसू शकत नाही. आणि एकदा शिरली की ती वावर गिळीत जाते. देवळाचा पैसा, भाड्याची पोरे, जातभाईंची जुळवाजुळव आणि शेवटी धमकी, यांतली कोणती गोष्ट आज जुनी झाली आहे? परंतु योथामाचा खरा रोख झुडपावर नाही, असे मला वाटते. काटे असणे हा झुडपाचा स्वभावच आहे. प्रश्न जैतुनाला, अंजिराला आणि द्राक्षवेलीला विचारायचा आहे. तुम्ही तिघे आपापल्या गोडव्यात का रमलात?

आपल्या महाविद्यालयातली हुशार, सरळ मुले काय करतात? "आपल्याला राजकारण नको, आपला अभ्यास भला," असे म्हणून वाचनालयाच्या कोपऱ्यात बसतात. कोणी स्पर्धा परीक्षेच्या मागे आहे, कोणी बी. एड. च्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या, तेव्हा पुष्कळांना हायसे वाटले होते. कारण मारामाऱ्या फार होत. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली. निवडणूक असो वा नसो, जागा रिकामी राहत नाही. चांगल्यांनी सोडलेली जागा कोणीतरी धरतोच, आणि मग "या माझ्या सावलीत" असे म्हणतो. तेव्हा चांगल्या माणसाने पुढे न येणे हा विनय नव्हे. काही वेळा तो निव्वळ आळस असतो, काही वेळा भीती असते.

पुढे आल्यावर काय करावे? याचे उत्तर मोशेच्या सासऱ्याने दिले आहे. मिसर देशाच्या गुलामीतून आपले लोक बाहेर काढून मोशे रानात आला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा न्यायनिवाडा करीत बसे आणि लोक रांगा लावून ताटकळत. सासरा इथ्रो भेटीला आला. त्याने ते पाहिले आणि सांगितले की हे बरे नव्हे. अशाने तूही खंगशील आणि लोकही खंगतील. कर्तबगार, देवाला भिऊन वागणारी, खरे बोलणारी आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर त्यांना नेम. अवघड तेवढे तुझ्याकडे येऊ दे. मोशेने ते ऐकले. सासऱ्याचे ऐकणे हीच मुळात मोठी गोष्ट, आणि हा सासरा तर परधर्माचा याजक होता! पुढे वारस नेमण्याची वेळ आली तेव्हा मोशेच्या जागी यहोशवा आला. तो मोशेचा मुलगा नव्हता. आपल्याकडे संस्था एकाने काढायची आणि ती घराण्याने खायची, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. त्यांना हे सांगावेसे वाटते की, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या कथेतही कामाची वाटणी आहे, लायकीची अट आहे आणि घराणेशाहीला फाटा आहे.

पण मला सर्वांत भावला तो शमुवेल. लोकांनी त्याच्याकडे राजा मागितला. शेजारच्या राष्ट्रांना राजे आहेत, मग आम्हाला का नको? शमुवेलाने त्यांना राजा म्हणजे काय ते नीट समजावून सांगितले. त्याच्या बोलण्यात 'घेईल' हे एकच क्रियापद पुन:पुन्हा येते. तो तुमचे मुलगे रथापुढे धावायला घेईल, मुली स्वयंपाकाला घेईल, चांगली शेते आणि मळे घेईल, धान्याचा दशांश घेईल, गुरे घेईल. आणि मग तुम्ही रडाल. तरी लोक ऐकेनात. त्यांनी राजा केला.

त्यानंतर शमुवेल निवृत्त झाला. केस पांढरे झालेल्या त्या म्हाताऱ्याने साऱ्या लोकांना गोळा केले आणि भर सभेत विचारले: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचे गाढव नेले? कोणाला फसवले? कोणाला छळले? कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? असेल तर आत्ता सांगा, मी परत करतो. लोक म्हणाले, तू कोणाचे काहीही घेतलेले नाहीस.

मित्रहो, माझ्या मते साऱ्या पुढारीपणाचे शास्त्र या एका प्रसंगात आले आहे. निवडून येताना भाषण करणे सोपे असते. पायउतार होताना चौकात उभे राहून "माझ्याकडे कोणाचे काय आहे ते सांगा" असे म्हणणे अवघड! शमुवेलाची मुलेसुद्धा लाचखाऊ निघाली होती. लोकांनी ते त्याच्या तोंडावर सांगितले होते. म्हणजे तोही काही निष्कलंक घराचा स्वामी नव्हता. तरी स्वत:चा हात त्याने लोकांपुढे उघडा करून दाखवला. पुढाऱ्याची परीक्षा त्याच्या मागे चालणाऱ्यांची डोकी मोजून होत नाही. जाताना त्याच्या हातात काय उरले, ते पाहून होते.

आणि हिशेब दिला नाही तर? तर तो मागणारा कोणीतरी असावा लागतो. दावीद राजाने उरीयाच्या बायकोसाठी उरीयाला मारवले, तेव्हा दरबारात सारे गप्प होते. नाथान संदेष्टा गेला. त्याने राजाला एक खटला म्हणून गोष्ट सांगितली. एका गरिबाजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या ताटातले खाई, कुशीत निजे. शेजारच्या श्रीमंताकडे कळपच्या कळप होते. पण पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची मेंढी ओढून नेली आणि कापली. राजा संतापला, असा माणूस मरायला योग्य आहे, असे बोलून गेला. तेव्हा नाथान म्हणाला की, तो माणूस तूच! दावीदाने नाथानाला तुरुंगात टाकले नाही. मान खाली घालून गुन्हा कबूल केला. राजाला सुनावणारा नाथान आणि ऐकणारा दावीद, अशी दोन माणसे एका काळी असावी लागतात. आपल्याकडे दावीद पुष्कळ झाले. नाथान मात्र खुशमस्करे होऊन बसले.

दावीदाचा नातू रहबाम याची गोष्ट आपण तरुणांनी विशेष लक्षात ठेवावी. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोक त्याच्याकडे आले आणि बापाने लादलेला भार थोडा हलका कर म्हणून विनवू लागले. वृद्धांनी सल्ला दिला की, आज तू यांचा सेवक झालास तर हे जन्मभर तुझे राहतील. रहबामाने तो धुडकावला आणि आपल्याबरोबर वाढलेल्या तरण्याबांड दोस्तांना विचारले. दोस्तांनी त्याला फुगवले: म्हणावे, बापापेक्षा मी जास्त कडक आहे! परिणाम असा झाला की बारा वंशांपैकी दहा वंश फुटून निघाले. तरुण असणे हा गुण खरा. पण फुगवणाऱ्या दोस्तांचा घोळका हे तरुण पुढाऱ्याचे मरण आहे.

आता वऱ्हाडच्या माणसाने ज्याच्याजवळ थांबलेच पाहिजे, त्या नहेम्याकडे येतो. इ. स. पूर्व ४४५ च्या सुमाराची गोष्ट. नहेम्या इराणच्या राजाचा प्यालेबरदार होता. राजवाड्यातली सुखाची नोकरी. आपल्या पूर्वजांच्या यरुशलेमचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत, असे त्याच्या कानी आले. त्याने राजाकडून परवानगी मिळवली, तो यरुशलेमला आला, आणि कोणालाही न सांगता रात्री दोन-चार माणसांनिशी पडक्या तटाभोवती फिरून आला. आधी पाहणी, मग भाषण! मग त्याने लोकांना बोलावले. ज्याचे घर जिथे, त्याने तिथल्या तटाची डागडुजी करावी, अशी वाटणी झाली. सोनार आले, अत्तरवाले आले, व्यापारी आले. एक शल्लूम नावाचा अधिकारी तर आपल्या मुलींना घेऊन आला. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र कामाला खांदा लावला नाही, हेही तिथे नोंदवून ठेवले आहे. बावन्न दिवसांत तट पुरा झाला.

पण तट बांधताना मध्येच एक आरडाओरड उठली. ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दुष्काळ पडला होता. लोक म्हणत होते, आम्ही शेते, मळे आणि घरे गहाण टाकून धान्य आणले. राजाचा सारा भरायला कर्ज काढले. आता आमची मुलेबाळे गुलामीत चालली आहेत. आणि हे घेणारे सावकार आमचेच भाऊबंद आहेत! हे वऱ्हाडचेच गाऱ्हाणे नव्हे काय? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६० नंतर, आपल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. तो उतरला तेव्हा कर्ज मागे राहिले आणि वावरे सावकाराच्या वहीत गेली. १९३३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवाद कायदा झाला, त्यामागे डॉ. पंजाबराव देशमुखांची खटपट होती. आणि त्यानंतरही, अगदी आपल्या डोळ्यांदेखत, याच पट्ट्यातल्या किती घरांतला कर्ता माणूस कर्जापायी गेला, हे तुम्हा-आम्हाला कोणी सांगायला नको.

नहेम्याने काय केले? तट अर्धवट होता, शत्रू टपला होता; "आधी तट, मग तुमचे पाहू," असे सांगायला सबब चांगली होती. त्याने ती सांगितली नाही. त्याने मोठी सभा भरवली आणि सरदारांना व अधिकाऱ्यांना लोकांसमोर खडसावले. मी आणि माझे भाऊही लोकांना पैसे व धान्य उसने देत आहोत, हेही त्याने तिथेच सांगून टाकले. शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याज त्याच दिवशी परत करण्याची त्याने शपथ घ्यायला लावली. एवढ्यावर तो थांबला नाही. बारा वर्षे तो त्या प्रांताचा सुभेदार होता. सुभेदाराला प्रजेकडून अन्नाचा भत्ता घेण्याचा हक्क होता. तो त्याने घेतला नाही. लोकांवर भार फार आहे, एवढेच कारण त्याने दिले. हक्काचे असूनही न घेणे, ही पुढारीपणाची सर्वांत वरची पायरी आहे.

नव्या करारात येशू ख्रिस्ताने हीच गोष्ट थोड्या शब्दांत आणि एका कृतीत सांगितली. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूकडे आले आणि म्हणाले, तुझे राज्य आले म्हणजे आम्हाला एक उजवीकडे आणि एक डावीकडे बसव. आपल्या भाषेत तिकीट मागायला आले! बाकीचे दहा शिष्य रागावले. बहुधा तीच जागा त्यांनाही हवी असावी. येशूने सर्वांना जवळ बोलावून सांगितले की, जगातले राजे प्रजेवर धनीपण गाजवतात, पण तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सर्वांचा चाकर व्हावे. आणि मरणाच्या आदल्या रात्री तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागला. पेत्राला ते सहन होईना. त्या बारांत यहूदाही बसलेला होता. काही वेळाने तो धरून देणार आहे हे ठाऊक असूनही त्याचे पाय वगळलेले नाहीत. पाय धुणे हे त्या देशात गुलामाचे काम होते. आज पुढाऱ्याच्या पायावर दूध ओतणाऱ्या तरुणांनी ही दिशा एकदा नीट पाहून घ्यावी: पाय कोणाचे, आणि धुणारा कोण!

हे सारे पुस्तकात ठीक आहे. मराठी मुलखात कोणी तसे वागले काय? वागले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. ऐन तारुण्यात त्यांनी दुष्काळापायी आई-वडील आणि बहीण गमावली. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात स्वत: हिंडल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या, त्यांतून केडगावचे मुक्ती सदन वाढले. तिथे शेती, विणकाम आणि छपाई ही कामे त्या स्त्रियाच करू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी झाली. आधार द्यायला आणलेल्या बाईला अक्षरे जुळवायला शिकवून ग्रंथाची कर्ती करणे, याला मी नेतृत्व म्हणतो. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वत: गेल्या. काम थांबले नाही. आणि एक गोष्ट विसरू नये: ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी इंग्लंडातल्या धर्माधिकाऱ्यांपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. त्या वाद घालीत राहिल्या.

रेव्हरंड ना. वा. टिळक तसेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पगार गेला की घरच्या बाईवर काय वेळ येते, याची कल्पना लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ने मराठी वाचकाला दिली आहेच. पुढाऱ्याच्या त्यागाचा अर्धा भार त्याच्या घरातले उचलतात. त्यांची नावे मात्र फलकावर येत नाहीत.

काका ज्या अर्थाने म्हणाले, "चांगलं असंन ते सांग," त्या अर्थाने आणखी एक नाव घेतो. ते ख्रिस्ती नाही. आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा. गावात शिरल्याबरोबर हातात खराटा घ्यायचा, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची. लाखो रुपयांच्या धर्मशाळा बांधल्या, पण त्यांत स्वत: राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. शमुवेलाने जो प्रश्न भर सभेत विचारला, तो विचारायला बाबांना अडचण पडली नसती. १९५६ मध्ये त्यांनी देह ठेवला तेव्हा हातात गाडग्याशिवाय काय होते? बायबलने सांगितलेली परीक्षा एका धर्मापुरती नाही, याचा याहून जवळचा पुरावा मला ठाऊक नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल. तो रास्त आहे. बायबलातले पुढारी देवाने नेमलेले. आपण संविधान मानणारे लोक. देवाने नेमला म्हणणारा पुढारी फार घातक असतो. शिवाय हाच ग्रंथ हातात घेऊन लोकांनी गुलाम बाळगले, साम्राज्ये चालवली आणि चर्चमध्येही धनीपण गाजवले. हे खरे आहे, आणि ते झाकून उपयोग नाही. पण ग्रंथातली साक्ष त्यांच्या विरुद्धच जाते. तिथे देवाने नेमलेल्या राजालाही नाथान जाब विचारतो. नेमणूक देवाची असली तरी हिशेब माणसांपुढे द्यावा लागतो. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जो इशारा दिला, तो याच जातीचा होता: धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली व्यक्तिपूजा अध:पाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ज्याला जाब विचारता येत नाही, त्याला पुढारी म्हणू नये. मग तो मठातला असो, चर्चमधला असो की पक्षातला.

शेवटी आपल्यापुरते बोलू. आपल्या हातात राज्य नाही, सुभेदारीही नाही. पण वर्गप्रतिनिधी आहे, स्नेहसंमेलनाची वर्गणी आहे, सेवा योजनेचे शिबिर आहे. वर्गणी गोळा करणाऱ्याने संमेलन संपल्याच्या आठवड्यात पैशापैशाचा हिशेब सूचनाफलकावर लावावा. मागण्याची वाट पाहू नये. शिबिरात गटप्रमुखाने पहिले फावडे हाती घ्यावे आणि जेवायला शेवटी बसावे. कामे वाटून द्यावीत, आणि आपल्यानंतर कोण ते आधीच तयार करावे. मित्र चुकला तर नाथानाप्रमाणे त्याला एकट्याला गाठून सांगावे. आणि जे हुशार, सरळ, अबोल आहेत त्यांनी आपले जैतुनाचे तेल आणि अंजिराचा गोडवा घेऊन थोडे पुढे यावे. यांतले एकही काम करायला पैसा लागत नाही, जात लागत नाही, फलक तर मुळीच लागत नाही.

आज महाविद्यालयात शंभर रुपयांचा हिशेब देण्याची ज्याला सवय लागली, तो उद्या ग्रामपंचायतीत लाखाचा देईल. आज ज्याने टाळला, तो उद्याही टाळील. आणि त्याच्या काटेरी सावलीत बसायला आपल्यालाच जावे लागेल.